मिलचा शाफ्ट आणि कपाटातला रॉड

लेथवर माझ्या तिसऱ्या टूलची धार निळी पडून जळाली आणि श्यामलाल सर ओरडले, "दामिनी, बस्स! उद्यापासून लेथला हात नाही लावायचा. मुलींच्या बस की बात नाही ही. ड्रॉइंगच्या टेबलावर बस."

म्हणजे लेथवर लोखंड तासणारी टर्नर व्हायला आलेली मी, कागदावर रेघा ओढून वर्ष काढायचं!

लेथच्या जबड्यात, चकमध्ये, काय बांधलं होतं ते ऐका. तिरोड्याकडच्या एका राइस मिलवाल्यानं आमच्या ट्रेनिंग सेंटरला जुने शाफ्ट दान दिले. हार, नारळ, फोटो. दानाचं लोखंड कसं आहे हे विचारणार कोण? तापवून, पाणी देऊन कडक केलेलं ते लोखंड आलं कोणाच्या वाट्याला? ज्यांनी कालपरवा हँडल धरलं त्यांच्या. नरम लोखंड आणि ॲल्युमिनियमचे रॉड मात्र सरांच्या कपाटात. पाहुणे आले की सर ते काढतात, सरसर छिलका काढून दाखवतात, टाळ्या घेतात. शिकणाऱ्याला दगड, पाहुण्याला लोणी! लाज कशी वाटत नाही?

मी कानस उचलली, सगळ्यांसमोर शाफ्टवर घासली. काचेवरून घसरावी तशी घसरली. ओरखडाही नाही.

"सर, इथं कानस लागून नाई राहिली. टूल कसा लागन?"

"दानाचा माल आहे तो. नाटक नको करू."

"मिलवाल्याले कायले भेता? त्यानं भंगार फेकलं, तुमी आमच्या माथी मारलं."

मागून टीना बोलली, "सर, मिलवाल्यालेच बसवा लेथवर. हार घालूनच बसवा."

बॅचच्या पोरी फिदीफिदी हसल्या. सर लालबुंद. "चकची चावी दे इकडे."

चावी माझ्या मुठीत होती; तिच्याशिवाय चक ना सुटतो, ना आवळतो. दिली नाही.

"आधी कपाट उघडा. नरम रॉड द्या. त्याच्यावर बी टूल जाळला, तं मीच टेबलावर जाईन."

"और नहीं दिया तो?"

"तं आज हे लेथ कोणासाठीच नाई फिरत."

टीना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग अंजू, माझ्यानंतर लेथवर तिचीच पाळी होती. मग सगळ्याच.

सरांनी कपाट उघडलं. रॉड हातात दिला नाही, फेकला. मी उचलला, शाफ्ट काढून चकमध्ये आवळला, नवं टूल लावलं. लांब, चकचकीत छिलका सुटत गेला. टूल शाबूत. सरांना मी धन्यवाद म्हटलं नाही. उपकार नव्हता तो.

"आजच्यापुरतं," सर तोंड फिरवून म्हणाले.

"उद्या बी," मी लेथ न थांबवता म्हटलं. "आन् अंजूले बी हाच."