मागची बोटभर पोकळी

मित्रांनो, मी पेटी आहे, पण माझ्यावर डोळा ठेवून आजवर एकही चोर आलेला नाही. माझ्या तीन खणांत फक्त कार्डे आहेत; पोस्टकार्डापेक्षा जरा लहान आणि पार पिवळी पडलेली. सध्या मी एका कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत रंगाच्या डब्यांखाली दबून उभी आहे. माझी एक मूठ तुटली आहे आणि खालच्या खणात झुरळांनी बिऱ्हाड थाटले आहे. कुरकुर करणे हा माझा स्वभाव आहे, ते आधीच कबूल करते. पण आज मला माझे हाल सांगायचे नाहीत. न केलेली एक चूक एका बाईच्या माथी बसली. तिला सोडवील असा कागद माझ्याच पोटात होता आणि मी काही करू शकले नाही. तेच मला सांगायचे आहे.

मला एका सुताराने घडवले. त्याची बायको समुद्रापलीकडून, ग्रीक बोलणाऱ्या मुलखातून आली होती आणि येताना एक लाकडी पेटारा घेऊन आली होती. ती बिचारी लवकर गेली. जाण्यापूर्वी चुलीपाशी बसून तिने आपली भाषा मुलीला शिकवली. मुलगी मोठी होऊन भाषांतराच्या कार्यालयात कामाला लागली, तेव्हा सुताराने तो पेटारा फोडला आणि त्याच्या फळ्यांतून मला केले. फोडताना तो रडला. त्याने हे कुणाला सांगितले नाही, म्हणून मी सांगते.

शेवटी फळ्या कमी पडल्या. माझे खण आखूड झाले आणि खणांच्या मागे बोटभर पोकळी राहिली.

"नवी फळी आणून लांब करू का गं?" त्याने मुलीला विचारले.

"नको, बाबा. सगळी आईच्याच लाकडाची राहू दे. मागे कोण बघतंय?"

तेव्हा मलाही ते बोलणे गोड वाटले होते.

कार्यालयात तिला सगळे ताई म्हणत. परदेशी जाणाऱ्या यंत्रांबरोबर, औषधांबरोबर माहितीचे कागद जातात ना, ते इंग्रजीतून ग्रीकमध्ये करायचे हे तिचे काम. मित्रांनो, साधे इंग्रजी शब्दच माणसाला घाम फोडतात. इंग्रजी शब्द म्हणजे दहा घरी राबणारा गडी. ग्रीक भाषा मात्र बहुतेक कामांना वेगळा माणूस ठेवते. 'स्प्रिंग' यंत्रातली असेल तर 'एलातिरिओ', वसंत ऋतू असेल तर 'आनिक्सी', पाण्याचा झरा असेल तर 'पियी'. भिंतीत ठोकायचा 'नेल' म्हणजे 'कार्फी' आणि बोटाचा म्हणजे 'नीही'. यातला कुठला घ्यायचा हे शब्दकोश सांगत नाही. तो सगळे पुढ्यात मांडतो आणि हात झटकून मोकळा होतो.

म्हणून ताईने माझी कार्डे केली. एका अर्थाला एक कार्ड. तोंडावर इंग्रजी शब्द आणि त्याचा ग्रीक शब्द. पाठीवर तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, आणि इथे नेमके काय म्हणायचे आहे हे कुणाला विचारले, त्याची नोंद. "बाबांना विचारलं. त्यांनी खिळा हातात दिला." "दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. तिनं माझंच बोट धरून दाखवलं." कामातल्या माणसाला विचारल्याशिवाय ताईने एकही कार्ड खणात ठेवले नाही. एका नळदुरुस्तीवाल्याला तिने एका शब्दापायी इतके पिडले, की पुढे तो ताईला पाहिले की रस्ता बदलायचा.

तिचे दोन नियम होते. कार्ड उचलले की आधी उलटायचे. पाठ वाचल्याशिवाय तोंडावरचा शब्द घ्यायचा नाही. आणि जो कार्ड काढील त्याने त्या जागी लाल काठाची चिठ्ठी खोचायची. चिठ्ठीवर तारीख, कागदाचे पान आणि सही. कार्ड परत ठेवले तरी चिठ्ठी तशीच राहायची. ताई रोज संध्याकाळी चिठ्ठ्या गोळा करी आणि प्रत्येकाचे पान पुन्हा तपासून मगच त्या फाडी. कार्यालयाचे मालक, थोरले साहेब, पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करून म्हणत, "आमची अब्रू तिजोरीत नाही, या पेटीत आहे." ते ऐकून मी फुगायची, अगदी पावसाळ्यात फुगते तशी.

कार्यालयात एक टायपिस्ट होता. त्याला ताई भाऊ म्हणायची आणि तसेच वागवायची. त्याची बायको महिनोन् महिने आजारी असे, तेव्हा ताईच्या डब्यात एक पोळी जास्त यायची. त्याला ग्रीक अक्षरे टाइप करता येत, अर्थ कळत नसे. पण ताईचे नियम तो देवाच्या नियमासारखे पाळायचा.

पुढे थोरले साहेब अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे जावई बसले. जावईसाहेबांनी वर्षभर संध्याकाळच्या वर्गात ग्रीक गिरवले होते. एवढ्या शिदोरीवर त्यांना सगळे येत होते. मला पाहिले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. "एका शब्दासाठी गावभर हिंडायचं? हे कार्यालय आहे की चौकशी आयोग?"

त्याच सुमारास ताईचे बाबा आजारी पडले. तिच्या हातात तेव्हा एका कापयंत्राचे माहितीपुस्तक होते, पाने चोवीस. ताई ती पाने घरी घेऊन गेली आणि बापाच्या उशाशी बसून लिहीत राहिली. आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. झाली तेवढी पाने तिने भाऊबरोबर पाठवली आणि निरोप दिला, "उरलेली मी आल्यावर करते. कुणी हात लावू नका." सतरा पाने झाली होती.

जावईसाहेबांनी वाट पाहिली नाही. उरलेली सात पाने त्यांनी स्वतःच उरकायला घेतली. एकोणिसाव्या पानावर यंत्राच्या पात्याखाली हात घालण्यापूर्वी कुठला दांडा ओढायचा ते लिहिले होते. तिथे 'राइट' शब्द होता. दुपारी ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी 'राइट'चे पहिले कार्ड उपसले. तोंडावर होते 'सोस्तोस', म्हणजे योग्य. पाठीवर ताईच्या अक्षरात लिहिले होते, "शाळेच्या प्रश्नपत्रिकेतलं वाक्य. मास्तरांना विचारलं. यंत्राचा कागद असेल तर पुढचं कार्ड बघ." पुढच्या कार्डावर 'देक्सिओस' होते, म्हणजे उजवा.

उलट ना रे बाबा, एकदा उलट! मी मनातल्या मनात ओरडत होते.

त्यांनी कार्ड उलटले नाही.

"साहेब, चिठ्ठी," भाऊ चाचरत म्हणाला. "ताईंचा नियम आहे."

"द्या. ही पण हौस भागवू तिची." साहेबांनी हसत सही ठोकली, पान एकोणीस लिहिले, चिठ्ठी खोचली आणि गुडघ्याने खण धाडकन लोटला. त्या धक्क्याने चिठ्ठी उडाली आणि खणाच्या मागे, माझ्या त्या बोटभर पोकळीत जाऊन पडली. बाबा त्याच आठवड्यात गेले. ताई परत आली तेव्हा पुस्तक पूर्ण टाइप होऊन तयार होते, आणि आपली किती पाने राहिली होती हेही त्या दुःखात तिला आठवेना. तिने खण उघडले, तर एकही चिठ्ठी नव्हती. तपासायचे काही नाही असे समजून तिने पुस्तक जाऊ दिले.

चार महिन्यांनी पत्र आले. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात त्या यंत्राने एका कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटे तोडली होती. यंत्राला दोन दांडे. उजवा पाते अडवणारा, डावा पाते सोडणारा. पुस्तकात लिहिले होते, योग्य दांडा ओढा. त्याने आपल्या समजुतीने डावा ओढला होता.

जावईसाहेबांनी ताईला बोलावले. माझ्यासमोरच, कारण ती तोवर माझ्यापाशी येऊन खण चाचपत होती.

"पुस्तकावर नाव तुमचं, कार्ड तुमचं," ते म्हणाले. "आता काय ते तुम्हीच सांगा."

"मी सगळी पानं केली नव्हती, साहेब. शेवटची राहिली होती ना?"

"राहिली होती? मग कुणी केली? भूत येऊन करून गेलं?"

"माझ्या हातचे कागद कुठे आहेत?"

"टाइप झाल्यावर कोण ठेवतं? फाडले. तुम्ही किती पानं केलीत, शपथेवर सांगता येईल?"

ताईने आठवायचा फार प्रयत्न केला. बापाचा श्वास, औषधाची बाटली, मांडीवरची पाने एवढेच तिला दिसत होते. ती भाऊकडे वळली. "भाऊ, तुम्ही टाइप केलंत ना? एकोणिसावं पान माझ्या अक्षरात होतं का हो?"

भाऊने मान खाली घालून टाइपरायटरच्या कळांवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "लक्षात नाही, ताई."

त्याच्या लक्षात होते. घरी बायको खाटेवर होती आणि समोर खुर्चीत जावईसाहेब होते. मी त्याला माफ करत नाही, पण खोटेही सांगत नाही.

ताईने आणखी वाद घातला नाही. तिला स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता. तिचे काम गेले. जाताना तिने मला मागितले. "माझ्या आईच्या पेटाऱ्याचं लाकूड आहे," एवढेच ती म्हणाली. साहेब म्हणाले, "पेटी कार्यालयाची आहे." तेव्हा ती स्टुलावर बसली आणि तिने 'राइट'चे आणखी एक कार्ड लिहिले. तोंडावर 'देक्सिओस'च. पाठीवर दांड्याचे ते वाक्य आणि त्याखाली, "या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. एका माणसाची बोटं गेली." ते कार्ड तिने सगळ्यांत पुढे लावले, खण हळूच बंद केला आणि माझ्यावरून एकदा हात फिरवला. त्या खणामागे, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, चिठ्ठी पडून होती.

नंतर मला कुणी उघडले नाही. आधी माझ्यावर चहाचे कप आले, मग फाइली, मग मीच अडगळीत आले. अशी अकरा वर्षे गेली.

गेल्या महिन्यात खोलीचे दार उघडले. झाडलोट करणाऱ्या मावशी पुढे आणि मागे भाऊ. केस पार पांढरे झालेले. त्याचा नोकरीतला तो शेवटचा दिवस होता. त्याने डबे खाली उतरवले आणि मधला खण ओढून पूर्ण बाहेर काढला. मग बाही सरकवून हात आत घातला. त्याला कुठे शोधायचे ते बरोबर ठाऊक होते. चिठ्ठी उडताना त्याने पाहिली होती, मित्रांनो. अकरा वर्षे ठाऊक होते.

चिठ्ठी उजेडात धरून त्याने सही वाचली, पान वाचले. "आज जातो ताईंकडे," तो म्हणाला. "आता मला कुणाची भीती नाही. बायकोही गेली."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "कुठल्या ताई? त्या पेटीवाल्या? अहो, त्या मागच्या थंडीतच गेल्या. माझ्याच गल्लीत राहायच्या. शेवटी शेवटी आपलीच बोटं मोजत बसायच्या आणि म्हणायच्या, माझ्यामुळे गेली हो त्याची."

भाऊ तिथेच जमिनीवर बसला. मग उठून त्याने ती चिठ्ठी ताईच्या शेवटच्या कार्डामागे, जिथे असायला हवी होती तिथे खोचली आणि खण लावला. आता ती अगदी जागच्या जागी आहे. तपासायला कुणी नाही.

मित्रांनो, मला कुणी पुसावे, मूठ बसवावी असे पूर्वी फार वाटायचे. आता वाटत नाही. तुमच्या हाती एखादे कार्ड आले तर उलटून बघा, इतके तरी कराच. आणि एखाद्याची चूक नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तो माणूस ऐकायला आहे तोवर जाऊन त्याला सांगा. मी लाकूड आहे, मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.