जळक्या तेलाचा वास

"काका, कालच ऑइल बदललंत ना? मग हे काय?"

अपूर्वाने बोट दाखवलं. स्टिअरिंगच्या मागे, इंजिनाच्या चित्राचा एक इवलासा पिवळा दिवा लागला होता.

"ऑफिसातले म्हणतात, शोरूमला ने. तिथे कॉम्प्युटर लावतात आणि लगेच सांगतात."

"लावू देत की," बॉनेट उघडत हिंमतराव म्हणाले. "आमचा कॉम्प्युटर हा." आणि त्यांनी नाकाच्या शेंड्यावर तेलकट बोट टेकवलं.

खडकी स्टेशनामागच्या पत्र्याच्या गॅरेजात त्या नाकाचा मोठा मान होता. दारूगोळा कारखान्यातल्या साहेबांच्या फियाटी दारात येत, तेव्हा हिंमतराव आधी पाना उचलत नसत. ऑइल मोजायची पट्टी उपसत आणि तान्ह्याची टाळू हुंगावी तशी हुंगत. पेट्रोल उतरलंय, पाणी शिरलंय, तेल करपलंय. सगळं त्यांना तिथेच कळे. आता खराडीकडे कंपन्या उभ्या राहिल्या, गाड्याही नव्या आल्या, दिवे लावून बोलणाऱ्या. पण नाक तेच होतं.

त्यांनी पट्टी उपसली, डोळे मिटून हुंगली.

"तेल झकास आहे. दिवा उगाच लागलाय. या नव्या गाड्या म्हणजे लाडावलेले जावई, जरा काही कमी पडलं की तोंड फुगवतात."

अपूर्वा हसली नाही. "मग हा जळका वास कसला?"

"कुठला वास?"

"अहो काका, एवढा येतोय! काल कर्वेनगरपर्यंत काचा उघड्या ठेवून गेले मी. मागच्या सीटवर माझ्या सोनूला उलटी झाली."

हिंमतरावांनी खोल श्वास ओढला. हवा आत गेली. नुसती हवा.

"नवं तेल तापलं की येतो थोडा," ते म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून चहावाला बद्रीनाथ ओरडला, "हिंमतराव, काय जाळताय एवढं? माझी गिऱ्हाइकं उठून चालली!"

हिंमतरावांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. त्यांनी एकदा बद्रीनाथकडे पाहिलं, एकदा अपूर्वाकडे. दोघांच्याही नाकावर आठी होती.

मग त्यांनी टॉर्च लावला आणि जे काम आजवर नाकाने केलं, ते डोळ्यांनी करू लागले. सापडायला वेळ लागला नाही. तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण तिरकं बसलं होतं, आटे एका बाजूनेच धरले होते. त्या फटीतून हवा आत शिरत होती, म्हणून दिवा. आणि त्याच फटीतून तेल बाहेर येऊन, इंजिनाच्या पाठीमागून ओघळत, सायलेन्सरच्या तापल्या नळीवर थेंब थेंब पडत होतं. बारीक निळा धूर निघत होता. ते झाकण काल त्यांनीच बसवलं होतं. गाडी चालू करून, हुंगून, 'ओके आहे' म्हणून किल्लीही त्यांनीच दिली होती.

"काका, हे पेटलं असतं?"

"असतं," ते म्हणाले.

अपूर्वाने मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे सोनूची एक चप्पल राहिली होती.

हिंमतराव आत गेले. कोपऱ्यातला पेट्रोलचा डबा उघडून त्यांनी नाकाशी धरला. काही नाही. रॉकेलचा धरला. काही नाही. ते डब्याशेजारी खाली बसले.

मागच्या महिन्यात ताप येऊन गेला होता. परवा दूध उतू जाऊन जळलं, आणि शेजारी पेपर वाचत बसलेल्या त्यांना बायको कौसल्या म्हणाली होती, "नाक गहाण ठेवलंय का?" त्यांना तो टोमणा वाटला होता. आणि रोज जेवताना ते तिला म्हणत होते, "हल्ली तुझ्या हाताची चव गेली."

बाहेर येऊन त्यांनी झाकण सरळ बसवलं, नळी पुसून काढली, गाडीच्या बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली. दिवा विझला.

"मॅडम, शेजारी बसा. गाडी मी चालवतो. वास तुम्ही घ्या."

"म्हणजे?"

"मला येत नाही."

बाजारापर्यंत जाऊन ते परतले. वाटेत ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत विचारावं तसं. "आता? आता येतोय?"

"नाही येत काका. खरंच नाही."

"पुढच्या वेळी शोरूमला न्या," किल्ली देताना ते म्हणाले. अपूर्वाने किल्ली घेतली.

रात्री कौसल्याने ताट वाढलं आणि मिठाची वाटी हातात धरूनच उभी राहिली. "आज लसूण दुप्पट घातलाय. आज तरी नावं ठेवू नका."

हिंमतरावांनी घास उचलला, पण तोंडात घातला नाही.

"याला वास कसा येतोय, सांग."

"परीक्षा घेताय माझी?"

"नाही गं. सांग."

कौसल्या वाटी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली आणि ताटावर वाकली.

"लसणाचा. करपायच्या आधी उतरवलेला. वर थोडी कोथिंबीर."

"आणखी?"

त्यांचा घासाचा हात तिने हलकेच आपल्याकडे ओढला.

"आणखी तुमच्या हाताला जळक्या तेलाचा."

साबणाने पुन्हा पुन्हा धुतलेल्या त्या हाताकडे हिंमतराव बघत राहिले.