तोराणी

धीरजच्या लग्नासाठी त्याच्या आईनं, प्रयागबाईनं, साऱ्या मंगरूळपीर तालुक्यातलं नातं पालथं घातलं होतं. पोरगा निर्व्यसनी होता, अंगानं धडधाकट होता, गावाला लागून वांग्या-मेथीचा बारमाही मळा होता. पण मातीत हात घालणाऱ्या माळ्याच्या पोराला मुलगी द्यायला कोणी तयार होईना. सगळ्यांना नोकरीवाला जावई पाहिजे. पाहता पाहता धीरज चौतीस वर्षांचा झाला, आणि लग्नाचा विषय निघाला की उठून मळ्यात जाऊ लागला.

शेवटी सोयरीक आणली ती राजपालनं. राजपाल जवळच्याच तांड्यावरचा, धीरजचा शाळेपासूनचा दोस्त. दिवाळी झाली की तो तेलंगणात वीटभट्टीवर कामाला जायचा. तिथं त्याच्या शेजारच्या झोपडीत ओडिशातल्या बलांगीरकडचा एक माणूस राहायचा. त्याची बहीण लग्नाची होती.

"भावाचं नाव काय म्हनतं?" प्रयागबाईनं विचारलं.

"दुर्योधन."

"हे काय नाव झालं, बाप्पा?"

"त्यायच्या मुलखात चालते, काकू," राजपाल म्हणाला. "नावावर जाऊ नोको. मानूस देवावानी हाय."

लग्न साधंच झालं. मुलीचं नाव सुकांती होतं. प्रयागबाईनं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'उज्ज्वला' लिहवून घेतलं आणि मनाशी म्हणाली, आता ही आपली झाली.

पण ती आपली व्हायला जेवणाचं ताट आडवं येत होतं. ज्वारीची भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. ती एकेक घास पाण्याबरोबर गिळायची, ठेचा लागला की डोळ्यांतून धारा लागायच्या, तरी मान खाली घालून ताट संपवायची. भाषा कळत नव्हती, त्यामुळे तक्रारही नव्हती. एका सकाळी मात्र प्रयागबाईला चुलीमागे मडक्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला दिसला. पाण्याला आंबूस वास सुटला होता. ढोरांसाठी ठेवला असेल म्हणून तिनं मडकं उचललं, तर सून धावत आली आणि तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

"मा, पखाळ," ती म्हणाली. मग हाताचा घास करून तोंडाकडे नेऊन दाखवला.

प्रयागबाईनं मडकं तिच्या हातून सोडवून घेतलं. भात गाईपुढं रिकामा करून ती म्हणाली, "आमच्या घरी सुना शिळं खात नाईत. लोक म्हनतीन, परमुलखातून पोरगी आनली अन् तिले शिळ्यावर ठेवली."

बोलण्यात दुष्टावा नव्हता. तिला खरंच लोकांची भीती होती. आधीच बाया पाणवठ्यावर कुजबुजत, की तिकडं खायला मिळत नसेल म्हणून पोरगी इतक्या लांब दिली. त्यात हे शिळं दिसलं असतं तर बोलायलाच नको.

सून वाळत चालली. धीरज आईला काही बोलला नाही. बाजाराहून येताना त्यानं तांदळाची पिशवी आणली आणि ती मळ्यातल्या झोपडीत नेऊन ठेवली. एका दुपारी वांगी तोडायला गेलेल्या प्रयागबाईला झोपडीतून हसण्याचा आवाज आला. आत पाहते तर दोघं एकाच जर्मलच्या पातेल्यातून तो भिजवलेला भात खात होते, सोबत कच्चा कांदा आणि भाजलेलं वांगं. सून त्याला कांदा हातावर बुक्की मारून कसा फोडायचा ते दाखवत होती. धीरज लहानपणी हसायचा तसा हसत होता.

प्रयागबाई आवाज न करता मागं फिरली. आपल्या हातचं खाऊन मोठा झालेला पोरगा आपल्यापासून चोरून दुसरंच काही खातो, हे तिला लागलं. संध्याकाळी तिनं भाकरी जरा जोरातच थापल्या. पण पोराचं ते हसणं काही डोळ्यांपुढून जाईना, आणि पुढं ती दुपारच्या वेळी झोपडीकडे जाईनाशी झाली.

मग मे महिना आला. धीरज आणि त्याचे वडील पुंजाजी माल घेऊन रिसोडच्या बाजाराला गेले होते. मळ्यात सासू-सून दोघीच. दुपार डोक्यावर आली आणि वाफ्यात वाकलेल्या प्रयागबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती बांधावरच बसली, मग आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं, जीभ टाळूला चिकटलेली.

सुनेनं तिला ओढत झोपडीच्या सावलीत नेलं. कपाळावर ओला पदर ठेवला. मग भातावरचं पाणी पेल्यात गाळलं, त्यात मीठ टाकलं, लिंबोणीची दोन पानं हातानं चुरगाळून घातली आणि पेला सासूच्या ओठांना लावला.

"तोराणी," ती म्हणाली. "पी, मा. थंडा."

प्रयागबाईला नाही म्हणण्याचं त्राण नव्हतं. पहिला घोट गेला, दुसरा गेला आणि तिनं डोळे उघडले. ती चव तिच्या ओळखीची होती. इंझोरीला, तिच्या माहेरी, उन्हाळ्यात तिची माय ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करायची. शेतातून आलं की पितळी भरून द्यायची. माय गेली, त्यानंतर इतक्या वर्षांत कोणी तिला असं आपल्या हातानं काही पाजलं नव्हतं.

"हे तं आंबील होय व," ती पुटपुटली. "तांदळाची आंबील."

पेला रिकामा झाल्यावर तिनं तो पुढं केला. "आनखी हाय का?"

त्या दिवसापासून भाताचं मडकं झोपडीतून घरात, चुलीजवळ आलं. प्रयागबाईनं सुनेला आंबील शिकवली. सुनेनं तिला भातात दही कधी घालायचं, पाणी किती आंबू द्यायचं ते शिकवलं. शब्द कमी पडत तिथं दोघी हातांनी बोलत. "तुये माय काय म्हनते तुले?" प्रयागबाईनं एकदा विचारलं. "सुकांती," ती म्हणाली, आणि तेव्हापासून घरात सुकांतीच झालं. पोळ्यापर्यंत सुकांतीला भाकरी थापता येऊ लागली होती. जाड व्हायची, एका बाजूला झुकायची, पण तव्यावर फुगायची. ठेचाही तिला इतका आवडू लागला की धीरज म्हणे, "माय, इले आता मिरच्याच्या वाफ्यातच झोपू घाल."

भादव्यात एका सकाळी विहिरीवरची मोटर सुरू होईना. रात्री पाऊस पडून गेला होता. धीरज ओल्या जमिनीवर उभा राहिला आणि त्यानं मोटरच्या विजेच्या पेटीत हात घातला. पुंजाजी मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांना फक्त काहीतरी पडल्याचा आवाज आला. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढच्या दिवसांचं प्रयागबाईला धड आठवत नाही. माणसं येत होती, बसत होती, जात होती. राजपाल ओट्यावर बसून होता. भाऊबंदांच्या घरून वरण-भाकरीचे डबे येत. पुंजाजी दोन घास खात आणि हात धुवून बाहेर जात. प्रयागबाईच्या घशातून काही उतरेना. सुकांती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असे. तिला तर कोणी 'जेव' असं तिच्या भाषेत म्हणणारंही नव्हतं.

एका संध्याकाळी प्रयागबाईचं लक्ष तिच्याकडे गेलं. पोरीचे गाल आत गेले होते. प्रयागबाई उठली. घरात जाऊबाया बसल्या होत्या, त्यांच्यादेखत तिनं तांदूळ शिजवला, निववला, मडक्यात घालून वर पाणी ओतलं.

"चांगल्या भातात पानी काहून घालून राह्यली?" मोठ्या जावेनं विचारलं.

"सुनेसाठी केला," प्रयागबाई म्हणाली. "माही सून हेच खाते. तिले हेच उतरते."

सकाळी ती मडकं घेऊन सुकांतीजवळ बसली. सुकांतीनं तोंड फिरवलं. मग तिनं एक घास केला आणि आधी सासूच्या तोंडाशी नेला. दोघींनी रडत रडत तो भात खाल्ला. दाराशी उभे असलेले पुंजाजी आत आले नाहीत.

तेराव्यानंतर पुंजाजींचे थोरले भाऊ रामधन बोलणी घेऊन आले. त्यांचा मुलगा रवी बायको सोडून गेल्यापासून एकटाच होता. ती का गेली हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. दारू पोटात गेली की त्याचा हात थांबत नसे.

"पोरगी कामाची हाय," रामधन म्हणाले. "घरातली सून घरातच राहीन. मळा बी एकत्र होईन. तिचं तिकडं कोन हाय?"

भावापुढं बोलायची पुंजाजींना आयुष्यात सवय नव्हती. "पाहू," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर रवी उगाचच घरी येऊ लागला. ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा, आणि पाणी आणून दिलं की पेला घेताना सुकांतीचा हात सोडायचा नाही. सुकांतीनं ते सांगितलं नाही. प्रयागबाईनंच पाहिलं.

दुपारी तिनं राजपालला बोलावून घेतलं. "दुर्योधनाले फोन लाव," ती म्हणाली. "त्याले म्हन, बहिनीले घेऊन जाय."

ते ऐकून सुकांती आतून बाहेर आली. आता तिला सगळं कळत होतं. "मी नाई जात, मा," ती म्हणाली. "मी इथंच राहीन. तुमच्यापाशी."

"राहशील. किती दिस?" प्रयागबाई म्हणाली. "आमी दोघं पिकलं पान. आमच्यामागं हे लोक तुले त्या रवीच्या घरात घालतीन. तवा नाई म्हनाले मी नसीन."

"मी काम करीन. कोनाले भीत नाई मी."

"मी भेतो," प्रयागबाई म्हणाली. "माह्या लेकराचं झालं ते झालं. तुह्यं मले डोयानं पाहवनार नाई."

सुकांतीनं एवढंच विचारलं, "मा, म्या काई चुकी केली का?" प्रयागबाईनं तिला जवळ ओढलं.

दुर्योधन आला. काळा, सडपातळ, मुका वाटावा इतका शांत माणूस. पुंजाजींच्या पायाशी बसला आणि त्यानं धीरजचा फोटो मागितला. फोटो पाहून तो रडला. ते पाहून पुंजाजी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. रामधन आले तेव्हा पुंजाजी स्वतःच दारात उभे राहिले. "दादा, पोरगी तिच्या मायच्या घरी चालली," ते म्हणाले. "यात आता कोनी बोलू नये." रामधन तोंडातल्या तोंडात काही बोलत निघून गेले.

वाटेसाठी प्रयागबाईनं दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, तिळाची चटणी बांधली. सुकांती म्हणाली, "मा, ठेचा पन दे. तिकडं कोन नाई बनवत." प्रयागबाई पाट्यावर मिरच्या रगडायला बसली. डोळ्यांना पदर लावायला त्या दिवशी तिला निमित्त शोधावं लागलं नाही.

ती आणि पुंजाजी एसटीनं अकोल्याच्या स्टेशनापर्यंत गेले. गाडीला गर्दी होती. खिडकीच्या गजांतून सुकांतीनं हात बाहेर काढला. प्रयागबाईनं तो धरला, आणि गाडी हलल्यावर सोडून दिला.

सुरुवातीला फोन वरचेवर यायचे. गावच्या शाळेत पोरांसाठी स्वयंपाक करते म्हणायची. तिकडं ज्वारी मिळत नाही, तांदळाच्या पिठाची भाकरी करून पाहिली तर तुटली, असं सांगून हसायची. मग फोन लांबत गेले. प्रयागबाई समजून होती. तरण्या पोरीनं किती दिवस मागं पाहावं?

फाल्गुनात एका सकाळी ती वांग्यांना माती लावत असताना फोन वाजला. सुकांती होती. इकडचं तिकडचं विचारलं, पुंजाजींच्या गुडघ्याचं विचारलं. मग गप्प झाली.

"बोल, माय," प्रयागबाई म्हणाली.

"मा, भावानं एक पोरगा पाहिला. बस चालवते. चांगला हाय म्हनते." पुन्हा थांबली. "पन मी सांगितलं, आधी तुले विचारीन. मा, करू का?"

प्रयागबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. समोर विहीर होती, तिच्यावरची नवी पेटी उन्हात चमकत होती.

"दारू पेते का तो?"

"नाई."

"तुले जीव लावीन असं वाटते का?"

"वाटते, मा."

"मंग कर," ती म्हणाली. "कर, माह्या पोरी. कुकू लाव, बांगड्या घाल. धीरजच्या नावानं आता रडत बसू नोको. त्याच्यासाठी रडाले मी हाव."

पलीकडे सुकांती रडत होती. प्रयागबाईनं तिला रडू दिलं, आणि फोन तिकडूनच बंद होईस्तोवर कानाला धरून ठेवला. मग ती बांधावर बसली. इतके दिवस कुठंतरी, लांब का होईना, धीरजची बायको होती. आता ती नव्हती. पोरगा आज पुन्हा एकदा गेल्यासारखं तिला झालं, आणि या खेपेला भेटायला, डबे आणायला कोणी येणार नव्हतं.

पुंजाजी पाण्याच्या दांडावरून चालत आले. "कोनाचा फोन होता?"

"सुकांतीचा. लग्न करून राह्यली."

पुंजाजी खुरप्याशेजारी उकिडवे बसले. मग त्यांनी विचारलं, "तू काय म्हनली?"

"कर म्हनली."

त्यांनी मान हलवली. "बरं केलं," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं ते उठले, प्रयागबाईला हात देऊन उठवलं, आणि दोघं पुढच्या वाफ्याला पाणी द्यायला गेले.