दाराच्या आतलं अक्षर

मी बॉयलर बोलतोय. हॅलिफॅक्स गावातल्या चढावरच्या एका दगडी घरात, सिंकशेजारच्या अरुंद कपाटात माझं सगळं आयुष्य गेलं. बोलतोय म्हणालो खरा, पण मला बोलण्यासाठी छातीवरची एक छोटी काच आणि तिच्यात उमटणारा एखादा लाल आकडा, एवढंच दिलं होतं. तेही फक्त तक्रारीपुरतं. सगळं सुरळीत चालू असताना काय वाटतं, ते सांगायची सोय माझ्या कारखान्यानं केलीच नव्हती.

पत्र्याची पेटी, तांब्याचं काळीज, एक पंखा आणि निळी ज्योत, असा मी घडलो. पाणी तापवायचं, ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवायचं, गार होऊन परत आलं की पुन्हा तापवायचं, म्हणजे घर उबदार राहायचं. काम कंटाळवाणं होतं, पण मला ते आवडायचं.

घर नॉर्मन आणि एनिडचं. नॉर्मनची हयात गालिच्यांच्या गिरणीत माग दुरुस्त करण्यात गेली होती आणि त्या खडखडाटानं त्याचे कान गेले होते. त्यामुळे तो माझा आवाज ऐकायचा नाही. माझ्या पत्र्यावर तळहात टेकवून उभा राहायचा. माझ्या पोटात काय चाललंय, ते त्याला हातानं कळायचं. इतक्या मायेनं माझी विचारपूस त्याच्याआधी किंवा नंतर कुणी केली नाही.

"अरे, सकाळपासून त्या कपाटात डोकं घालून बसलायस," एनिड ओरडून म्हणायची. "संसार माझ्याशी मांडलायस की त्याच्याशी?"

"तो दोन शब्दांत सांगतो, काय दुखतंय ते," नॉर्मन म्हणायचा. "तुला अर्धा दिवस लागतो."

माझ्यासोबत आलेलं माहितीचं पुस्तक त्यानं पहिल्याच आठवड्यात वाचून काढलं. मग मी जी जी कुरकूर केली, ती त्यानं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहून ठेवली. 'दोन : पाणी कमी. खालची चावी हळू फिरव, दाबाचा काटा दीडवर आला की बंद.' 'पाच : बाहेरची पांढरी नळी गोठली. कोमट पाणी ओत. उकळतं नको, एनिड, तुला घाई असते.' 'नऊ : ज्योत धरत नाही. बटण एकदाच दाब आणि चहा पिऊन ये.' दार बंद असलं की माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच असायचं. स्वयंपाकघर मी कधी धड पाहिलंच नाही. एनिडच्या भांड्यांचे आवाज ऐकले आणि नॉर्मनचं अक्षर वाचलं.

शेवटच्या शरद ऋतूत नॉर्मनला धाप लागायला लागली होती. एके दुपारी एनिड दुकानात गेलेली असताना तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. बराच वेळ त्याचा हात माझ्यावर होता. माझ्या काळजाला बारीक चीर गेलीय, हे त्याला कळलं असावं. त्याच्या स्वतःच्या काळजाचं तर डॉक्टरांनी सांगितलंच होतं. त्यानं दाराच्या अगदी तळाशी आणखी काही लिहिलं. मग तिथल्या खुंटीवर भांडी पुसायचं फडकं अडकवून ते झाकलं आणि दार लावलं. मी ते वाचलं होतं. त्यानंतर मला चैन पडलं नाही.

नोव्हेंबरात तो गेला.

नाताळला त्यांची मुलगी जिल ब्रिस्टलहून आली. नेमका त्या दिवशी मी दोनचा आकडा दाखवला आणि घर गार पडलं.

"आई, इथं एकटी कशी राहणार तू?" जिल म्हणाली. "आता हा पुन्हा बंद पडला की तू माझ्याकडे यायचंस. वाद नको."

"बंद पडला तर येईन," एनिड म्हणाली. "शब्द दिला."

म्हणजे ती या घरात राहणार की नाही, ते माझ्यावर येऊन ठेपलं. पन्नास वर्षं जिथे ती नांदली, ते घर माझ्या एका चिरलेल्या काळजावर टांगलेलं होतं. मी जीव तोडून तापत राहिलो. पण चिरेतून पाणी गळायचं आणि दोनचा आकडा आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून दोनदा यायला लागला. एनिड चष्मा लावून दार वाचायची, गुडघे धरत खाली बसायची आणि चावी फिरवायची. जानेवारीत पाच आला. नॉर्मनचा कोट घालून, किटली घेऊन ती बर्फात गेली. "कोमटच आहे रे बाबा," ती बाहेरून म्हणालेली मला ऐकू आली.

रविवारी जिलचा फोन यायचा. "बॉयलर कसा आहे?"

"ठणठणीत. माझ्यापेक्षा बरा," एनिड सांगायची. तेव्हा माझ्या छातीवर लाल आकडा लुकलुकत असायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला झेपेना. पंखा फिरला, ठिणगी पडली, ज्योत आली आणि विझली. माझ्या काचेवर तेरा उमटला. एनिडनं दार उघडलं. दोन, पाच, नऊ... तिचं बोट खाली खाली आलं आणि फडक्यापाशी थांबलं. तिनं फडकं बाजूला केलं.

'तेरा : आता बटण दाबू नकोस. त्याचं झालंय, एनिड. त्याला सोड. जिलकडे जा. माझ्यापायी थंडीत बसून राहू नकोस.'

तिनं बटण दाबलं. मी प्रयत्न केला, खरंच केला. तिनं पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा मात्र तिचा हात बटणावरून सरकला आणि माझ्या पत्र्यावर टेकला, नॉर्मनचा टेकायचा अगदी तिथंच. मी गार होतो. मला तिला थोडी तरी ऊब द्यायची होती आणि माझ्यात ती उरली नव्हती.

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत तर," ती म्हणाली आणि रडली.

दुपारी इम्रान आला. दर वर्षी मला तपासायला यायचा तोच. त्यानं माझं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि हळूच परत लावलं.

"आजी, याला आता पेटवायचं नाही हं," तो म्हणाला. "गुरुवारी नवा बसवून देतो. याच कपाटात बसेल."

"त्याचे आकडे वेगळे असतील ना?"

"वेगळेच. पण पुस्तक येतं सोबत."

एनिड दाराकडे बघत राहिली. "पुस्तक कोण वाचून दाखवणार मला?" ती म्हणाली. "नको रे. मी शब्द दिलाय. दोघांना दिलाय म्हण आता. तू फक्त एक कर, तेवढं दार बिजागरीतून काढून दे."

इम्राननं स्क्रू काढले, दार जुन्या चादरीत गुंडाळलं आणि शनिवारी एनिडला न्यायला आलेल्या जिलच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं ठेवलं. निघताना एनिड आत आली. फडकं तिनं घडी करून माझ्या डोक्यावर ठेवलं.

आता गॅस तोडलाय, नळ्या रिकाम्या आहेत. घर विकलं की मला कुणीतरी उचलून नेईल. जो येईल त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की डोक्यावरचं फडकं केरात टाकू नकोस आणि जुनं बटण उगाच दाबून बघू नकोस.

दार नाही, त्यामुळे मला समोरचं सगळं दिसतं. खिडकीपाशी टेबल आहे. दोन खुर्च्या आहेत. एनिड बसायची ती कुठली, तेवढं मात्र मला ओळखता येत नाही.