गोधडीतला बर्फ

मी बर्फ बोलतोय. खरं तर आता मी बर्फ नाही. दव आहे, आणि ऊन वर आलं की तेही राहणार नाही. पण ज्या एका दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या दिवशी मी बर्फ होतो, म्हणून त्याच नावानं बोलतो. तुम्ही शाळेत जाणारी मुलं. पदार्थाच्या तीन अवस्था पाठ करता आणि गुरुजींनी विचारलं की घडाघडा म्हणून दाखवता. मी त्या तिन्ही भोगल्या आहेत, तेव्हा माझंही थोडं ऐका.

छत्तीस सालच्या चैत्रापर्यंत मी साधं पाणी होतो. अकोल्याच्या मोर्णा नदीत वाहायचो. जे भांडं मिळेल त्याचा आकार घ्यायचा, उतार दिसेल तिकडे धावायचं, असा माझा स्वभाव होता. एके दिवशी पंपानं मला ओढून एका बर्फाच्या कारखान्यात नेलं, पत्र्याच्या उंच डब्यात भरलं आणि तो डबा मिठाच्या गार पाण्यात उभा केला. ते मिठाचं पाणी माझ्यापेक्षा कितीतरी गार होतं, तरी ते स्वतः गोठत नव्हतं. माझ्यातली उष्णता मात्र ते हळूहळू काढून घेत गेलं. माझे कण एकमेकांजवळून मोकळे धावत असायचे, ते आता आपापल्या जागी जखडले गेले. जखडताना त्यांनी जागाही जास्त घेतली, म्हणून मी फुगलो आणि डब्याला तडस लागली. सकाळी डबा उलटा केला तेव्हा मी पाटाएवढी लादी होऊन बाहेर पडलो. मला स्वतःचा आकार मिळाला होता. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही झाला होता.

दारात एक माणूस उभा होता. डोक्याला पटका, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, डोळे तांबारलेले. तो किन्हीराजाचा शेतकरी इंद्रभान. त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीला, पंचफुलाला, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, झाला होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा इंद्रभाननंच तिला कडेवर घेऊन वाढवलं होतं. गावाजवळच्या मालेगावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की ताप डोक्यात चढतो आहे, डोकं एक रात्रभर गार राहिलं तर पोर निभावेल. त्यासाठी बर्फ हवा होता, आणि त्या भागात बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

त्याच्या खांद्यावर एक गोधडी होती. ती पंचफुलानं वहिनीच्या, म्हणजे प्रयागबाईच्या मदतीनं शिवलेली, मेलेल्या आईच्या दोन लुगड्यांची. घरून निघताना आजारी पोरच म्हणाली होती, "दादा, तू ने हे गोधडी. मले नको, माह्या अंगाची आग होऊन राह्यली." धर्मशाळेत रात्री अंगाखाली घालायला म्हणून त्यानं ती आणली होती.

कारखान्यातल्या माणसानं मला लाकडाच्या भुशात घोळलं, गोणपाटात बांधलं आणि त्याच्या हातात दिलं. तो घाईत होता, एवढंच करून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सर्व्हिस मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, बसल्यावर गोणपाट पाझरायला लागलं. शेजारच्या माणसाचं धोतर भिजलं आणि तो कुरकुरला. तेव्हा इंद्रभाननं ती गोधडी माझ्याभोवती गच्च गुंडाळली आणि मला मांडीवर घेतलं. त्याला फक्त शेजाऱ्याची कुरकुर थांबवायची होती. नकळत त्यानं माझ्यावर केवढा उपकार केला, ते त्याला आजही ठाऊक नाही.

गोधडीच्या त्या थरांत हवा अडकलेली होती. भुशातही होती. अशी अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. बाहेर पातूरच्या घाटात लाह्या भाजाव्यात असं ऊन होतं, आणि मी आत लुगड्यांच्या जुन्या वासात निवांत बसलो होतो. मालेगावला उतरलो तेव्हा माझे फक्त कोपरे झिजले होते. तसाच किन्हीराजाला पोचलो असतो, तर रात्रभर पुरलो असतो. हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, मला छाती असती तर.

मालेगावला जगदेव बैलगाडी घेऊन वाट पाहत होता. जगदेव इंद्रभानचा शेजारी, वयानं मोठा आणि मनानं फार चांगला. पोरीसाठी त्यानं पेरणीआधीची कामं टाकून गाडी जुंपली होती. त्यानं गाठोडं हातात घेतलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इंद्रभान, हे गोधडीत काहून गुंडाळलं रे?"

"पाझरून राह्यलं होतं ना, भाऊ."

"मंग पाझरनच. पौषात आपण गोधडी कायले घेतो? ऊब येते म्हणून घेतो ना? आन तू बरफाले ऊब देऊन राह्यला."

इंद्रभान जागच्या जागी थिजला. जगदेवचं बोलणं त्याला शंभर टक्के पटलं. पटणारच. जन्मभर प्रत्येक हिवाळ्यात त्यानं हेच अनुभवलं होतं, की गोधडीत शिरलं की ऊब येते.

मुलांनो, इथं थोडं थांबा, कारण सगळं इथंच घडलं. गोधडीत ऊब नसते. रिकामी गोधडी चुलीपासून लांब ठेवा आणि तासानं थर्मामीटर लावा, भिंतीइतकीच गार निघेल. ऊब असते माणसाच्या अंगात. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. आत तापलेला माणूस असेल तर ती त्याची ऊब धरते. आत मी असेन तर बाहेरची ऊब माझ्यापर्यंत येऊ देत नाही. काम एकच, आत कोण आहे त्यावर सगळं ठरतं.

पण मला हे ओरडून सांगता येत नव्हतं. इंद्रभाननं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. गोधडी सोडली, गोणपाट सोडलं, भुसा झटकला. "वारा लागू दे, वारा लागला का गार राहीन," जगदेव म्हणाला. बैलांना सरकी चारायचं लोखंडी घमेलं गाडीत होतं. ते धुऊन पुसून त्यांनी मला त्यात ठेवलं. गोधडीची नीट घडी घालून इंद्रभाननं ती गाडीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. कोरडी राहिलेली बाजू त्यानं वर ठेवली होती.

मग आम्ही निघालो. वरून ऊन, खालून तापलेलं लोखंड. लोखंडातून उष्णता किती झपाट्यानं येते, हे उन्हात ठेवलेल्या विळ्याला हात लावणाऱ्याला विचारा. इंद्रभाननं पटका सोडून माझ्यावर सावली धरली. दुसऱ्या हातानं तो उपरण्यानं मला वारा घालत होता. घामेजलेल्या माणसाला वाऱ्यानं गार वाटतं, कारण घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मला घाम नव्हता. त्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर चैत्रातली गरम हवा माझ्या अंगावर येत होती. इतक्या मायेनं मला कुणी वारा घातला नव्हता, आणि त्या मायेनं मी संपत होतो.

वाटेत जगदेवनं घमेल्याच्या बुडाला हात लावला. "घमेलं गळून राह्यलं का रे?" घमेलं गळत नव्हतं. हवेतली वाफ माझ्यामुळे गार झालेल्या लोखंडाला लागून थेंब होत होती. मी पाणी होत होतो आणि माझ्या शेजारी वाफही पाणी होत होती. इंद्रभानला त्यात काही गंमत वाटण्यासारखं नव्हतं. तो फक्त माझ्याकडे पाहत होता.

"भाऊ, हा तं घटून राह्यला."

"गोधडीतली ऊब आंदी शिरली ना त्याच्यात. ते आता निंगून राह्यली. लवकर काढ्याले पाह्यजे होती."

मी घटत नव्हतो, खरं म्हणाल तर. माझा एकही कण नाहीसा झाला नव्हता. जखडलेले कण सुटून घमेल्यात पाणी होऊन हिंदकळत होते, आणि गाडी खडकावर आदळली की थोडे रस्त्यावर सांडत होते. पदार्थ तोच, रूप वेगळं. पण त्या पोरीला माझं ते एकच रूप हवं होतं.

दिवेलागणीला किन्हीराजा आलं. प्रयागबाई दारात उभी होती. तिनं घमेल्यात वाकून पाहिलं. पाटाएवढ्या लादीतला मी आता पेरूएवढा उरलो होतो. तिनं मला स्वच्छ फडक्यात घेतलं आणि पंचफुलाच्या कपाळावर ठेवलं.

ते कपाळ मी कधीच विसरणार नाही. तव्यासारखं तापलेलं आणि इतकं लहान. तिची आग माझ्यात शिरायला लागली. एक गोष्ट मी तिच्यासाठी केली, ती तेवढी अभिमानानं सांगतो. वितळताना बर्फ आपली थंडी सोडत नाही. कितीही उष्णता आली तरी ती कणांना सोडवण्यात खर्च होते, आणि शेवटचा तुकडा उरेपर्यंत बर्फ पहिल्याइतकाच गार राहतो. मी पेरूचा बोराएवढा झालो, बोराचा डाळीएवढा झालो, पण तिला तेवढाच गार लागत राहिलो.

इंद्रभान निघाल्यापासून डोळे न उघडलेल्या पोरीनं डोळे उघडले.

"दादा, गारा पडल्या काय?"

"हो बाई. तुह्यासाठी वेचून आणल्या."

"मले एक खाऊ दे नं."

त्यानं माझा एक कण तिच्या ओठांवर ठेवला. ती जराशी हसली. प्रयागबाईनं पदर तोंडाला लावला. त्या घरात तेवढा वेळ आशा होती, मी तिथेच होतो आणि मीही आशा धरली होती.

मग मी संपलो. घमेल्यातल्या पाण्यात प्रयागबाई फडकं भिजवत राहिली, पण ते पाणीही कोमट होत गेलं. ताप पुन्हा चढला. उजाडायच्या आत पंचफुला गेली.

मी आणखी असतो तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. त्या तापानं असेही पुष्कळ नेले. पण डॉक्टरनं एक रात्र मागितली होती, आणि मी एक रात्रभर पुरणार होतो.

तिच्या कपाळावरून ओघळलेलं पाणी इंद्रभाननं त्याच गोधडीनं पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती कुंपणावर वाळत घातली आणि उन्हात मी वाफ होऊन तिच्यातून निघालो. आकार गेला, वजन जाणवेना, कुणाला दिसेनासा झालो. तेव्हापासून कधी ढगात, कधी कुणाच्या विहिरीत, कधी ज्वारीच्या पानावर असतो. रूपं बदलत राहिलो, पण ती गोष्ट माझ्यातून गेली नाही.

आज इतक्या वर्षांनी पौषातल्या एका पहाटे मी पुन्हा किन्हीराजाला आलो आहे. इंद्रभानच्या खळ्यावर, दव होऊन. तो ज्वारीच्या राशीपाशी राखणीला झोपला आहे, अंगावर नुसतं धोतर. केस पांढरे झाले आहेत आणि गुडघे पोटाशी घेतले आहेत. पंचफुला गेल्यापासून तो गोधडी घेत नाही. तिची गोधडी घरी आढ्याला बांधून ठेवली आहे. काल संध्याकाळीही प्रयागबाई म्हणाली, "थंडी लय पडून राह्यली, घ्या नं आतातरी." त्यानं नेहमीचंच सांगितलं, "त्या गोधडीच्या उबेनं माही बहीण नेली. म्या लवकर काढ्याले पाह्यजे होती."

ज्या थंडीसाठी तो अकोल्यापर्यंत धावला, ती मीच आज त्याच्या उघड्या पाठीवर थेंब थेंब होऊन बसलो आहे. मला उठून जाता येत नाही. सूर्य येईपर्यंत मी त्याला काकडवत राहणार.

मुलांनो, उष्णता कशी जाते आणि कशी अडते, हे नीट शिका. परीक्षेसाठी नाही शिकलात तरी चालेल, पण शिका. आणि कधी किन्हीराजाला गेलात, हा म्हातारा भेटला, तर त्याला ते समजावत बसू नका. गोधडी उशिरा काढली, एवढंच ओझं त्यानं आजवर वाहिलं आहे. ती काढायचीच नव्हती, हे ओझं त्याला पेलणार नाही.

त्याला काही सांगू नका. आढ्याची ती गोधडी सोडा, दुपारभर ऊन दाखवा, आणि तो झोपला की हळूच त्याच्या अंगावर घाला.