पाटाच्या फाट्यावरचे दार

मित्रांनो, पाटाचे पाणी जिथे दोन शेतांकडे फुटते, तिथे उभे असलेले मी एक जुने लोखंडी दार आहे. मला एकीकडे वळवले की पाणी थोरल्या भावाच्या शेतात जाते, दुसरीकडे वळवले की धाकट्याच्या. काम एवढेच, पण त्यावर दोन घरे चालतात.

या दोघा भावांच्या वडिलांनी मला वेल्डरकडून बनवून घेतले. "आलटून पालटून पाणी घ्या. फिरवायचं काम थोरल्याचं," असे त्यांनी बजावले. त्याआधी दोन्ही कुटुंबे अर्धे वर्ष कामासाठी परगावी जात. पाणी आले आणि दुसरे पीक निघू लागले. पत्रा जाऊन स्लॅब आला, मुलांची शाळा मध्येच सुटेनाशी झाली. येणारेजाणारे माझे कौतुक करत. लोखंडाला मांस नसते, नाहीतर माझ्या अंगावर मूठभर चढलेच असते!

वडील गेले आणि थोरल्याला कंटाळा आला. "उद्या फिरवतो," तो म्हणे. तो उद्या काही उजाडेना. धाकटा पडला भिडस्त. "दादाला कसं सांगायचं?" म्हणून गप्प बसे. मला तेल मिळेना, बिजागरी गंजली. थोरल्याच्या घरावर मजला चढला, अंगणात ट्रॅक्टर आला. धाकट्याची मिरची मात्र वाळून गेली. त्याची बायको थोरल्याच्याच शेतात मजुरीला जाऊ लागली. मला फार वाईट वाटे, पण आपल्या आपण फिरणे मला कुठले जमायला!

पुढे अति पाण्याने थोरल्याच्या जमिनीवर पांढरा खार फुटला, पिकाची मुळे कुजली. घाबरून तो मला फिरवायला आला. मी हलेना. त्याने घण उचलला. तेवढ्यात धाकट्याची बायको निरोप घ्यायला आली. ते कुटुंब शेत विकायला काढून कायमचे शहरात निघाले होते.

"आता फिरवताय होय, भाऊजी? आमचं सामान बांधून झाल्यावर?"

थोरल्याची मान खाली गेली. "चुकलं माझं," तो पुटपुटला.

मागून धाकटा तेलाचा डबा घेऊन धावत आला. "दादा, घण नको! बिजागरी तुटेल."

दोघांनी तेल घालून मला हळूहळू सैल केले. मी कुरकुरत फिरले आणि पाणी धाकट्याच्या कोरड्या शेताकडे धावले.

"यापुढे तूच फिरवत जा," थोरला म्हणाला.

"यांच्या भरवशावर नको," धाकट्याची बायको म्हणाली. "मी फिरवीन. दोन्हीकडे, वेळच्या वेळी."

आणि ती बांधलेले सामान सोडायला घरी गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना वेळेवर तेल घाला. आणि आपली पाळी संपली की आठवणीने दार फिरवा. पलीकडे कोणीतरी सामान बांधत असते.