शांततेची पातळी

संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आमच्या टेलिफोन कंपनीच्या नेटवर्कवर कॉलची इतकी दाटी होई, की लोकांचे शब्द अर्ध्यावरच गळून पडत. त्यावर मी उपाय योजला. बोलणारा गप्प असेल तेव्हा त्याच्याकडून काहीच पाठवायचे नाही. फोन तुटल्यासारखे वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या कानात यंत्रच हलकी खरखर भरेल. किती हळू आवाजाला शांतता समजावे, ती पातळीही मीच ठरवली. दाटी एक तृतीयांशाने घटली. साहेब म्हणाले, "निवृत्त होता होता बाजी मारलीत की!"

त्याच महिन्यात मी ताईला दूरच्या शुश्रूषागृहात ठेवले होते. घशाच्या शस्त्रक्रियेने तिचा आवाज पार बसला होता. "परक्यांत टाकू नकोस रे मला, लंब्या," एवढेच ती निघताना पुटपुटली होती.

रविवारी सातला मी फोन केला. तिने उचलला, पलीकडे नुसती खरखर.

"ताई? अगं, बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

काही नाही. पुढच्या रविवारीही तेच. तिचा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. मला वाटले, अजून रुसली आहे. तिसऱ्या रविवारी माझाच तोल सुटला.

"बोलायचंच नसेल तर फोन उचलतेस कशाला?"

चौथ्या रविवारी मी फोन केलाच नाही. मंगळवारी ती गेली.

सामान आणायला गेलो, तेव्हा परिचारिका म्हणाली, "तुमच्याशी किती बोलायच्या हो! ओठ फोनला टेकवून. या रविवारी मात्र सातपासून फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या."

मी ठरवलेली ती पातळी मला आठवली. तरी पडताळून पाहण्याची सवय सुटेना. ताईच्या फोनवरून मला फोन लावून, तिच्याइतक्याच आवाजात बोलायला मी परिचारिकेला सांगितले आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. तिचे ओठ हलताना दिसत होते. माझ्या कानात खरखर होती.

"काय म्हणालात?" मी परत येऊन विचारले.

"त्यांचं मला कळायचं तेवढंच म्हटलं. 'लंब्या, जेवलास का? बरं आहे रे मला इथे.'"

दुसऱ्या दिवशी मी ती पातळी खूप खाली आणली. सातला पुन्हा दाटी झाली, शब्द गळू लागले, तक्रारी आल्या.

"अहो, चांगलं चाललेलं बिघडवलंत कशाला?" साहेबांनी विचारले.

मी मान खाली घालून तक्रारींची नोंद करत राहिलो.